ओढा-टेकडी सुशोभीकरण: या चुका टाळा

पर्यावरण अभ्यासकाला बोलावतात कधी? बहुतेकदा निविदा निघाल्यावर. तोवर भिंतीची जागा आणि पदपथाची रुंदी नकाशात पक्की झालेली असते. मग त्याच्याकडे काय मागायचं, तर झाडांची यादी! खरं तर भिंत कुठे नको, हे सांगायला तो हवा असतो.

सगळ्यात महाग पडते ती एप्रिलमध्ये उरकलेली पाहणी. पुण्याकडची टेकडी उन्हाळ्यात उघडीबोडकी दिसते. अहवालात 'पडीक' असा शेरा बसतो आणि झाडं लावायला खड्डे खणायची वाट मोकळी होते. तिथेच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या, कुसळी गवत आणि तेरडा माजलेला असतो. चंडोल, टिटवी तर जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना झाडी नकोच असते. म्हणून निदान पावसाळा आणि हिवाळा, असे दोन ऋतू पाहणीला द्या. महापालिकेची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या झाडं-प्राण्यांची स्थानिक नोंद, तीही एकदा उघडा. ती बहुधा कपाटातच असते.

अशा माळावर मियावाकी पद्धतीचं दाट जंगल लावणं हा त्याचाच पुढचा अंक. ही पद्धत काढणाऱ्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींची पहिली अटच ही, की मूळची वनस्पती कोणती ते आधी शोधा. आपण ती अट गाळून दाट लागवड तेवढी उचलली. भराव टाकलेल्या प्लॉटवर ती जरूर करा. टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाचंही तेच. हिरवं दिसतं म्हणून लोक खूश, पण मूळ मध्य अमेरिकेतल्या या झाडांच्या दाटीत खाली फारसं काही उगवत नाही.

ओढ्याच्या बाबतीत चूक जिवावर बेतते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुणेकरांना ते दाखवलं. पात्र आवळून तळ काँक्रीटचा केला की पाणी मुरत नाही, वेग घेतं आणि खालच्या वस्तीत शिरतं. काठाला उतार ठेवा, तिथे वाळुंज, उंबर, करंज येऊ द्या. भिंत आधीच झाली असेल तर निदान तळ काँक्रीटचा करू नका आणि वरच्या अंगाला पाणी मुरायला जागा राखा.

शेवटचं, देखभालीच्या करारातलं. गवत सप्टेंबरात कापलं तर बी धरतच नाही. कापणी नोव्हेंबरनंतर लिहा; वणव्याची भीती असेल तर फक्त पायवाटेकडेचा पट्टा आधी कापून घ्या.