टेप काळी झाली म्हणजे झालं? दातांच्या दवाखान्यातल्या या चुका टाळा

"टेप काळी झालीये, काढू का बाहेर?" नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक असिस्टंट मला हे विचारतो. हत्यारं पाउचमध्ये, म्हणजे कागदी पिशवीत, बंद करून ऑटोक्लेव्ह या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये ठेवतात. पाउचवरच्या इंडिकेटर टेपच्या रेषा काळ्या झाल्या म्हणजे पाउच तापला, एवढंच कळतं. आतल्या हत्यारापर्यंत वाफ पोहोचली का, पुरेसा वेळ टिकली का, हे टेपला माहीत नसतं.

मी पूर्वी ज्या दवाखान्यात होते, तिथे एका आठवड्यात स्पोअर टेस्टची कुपी जांभळ्याची पिवळी झाली. स्पोअर म्हणजे जिवाणूंचं कवचबंद, चिवट रूप; ते मशीनमध्ये मरतं का, हे ही टेस्ट पाहते. कुपी पिवळी, म्हणजे ऑटोक्लेव्हमधून निघूनही जंतू जिवंत होते. टेप मात्र सगळ्या काळ्याकुट्ट. मशीनमध्ये बिघाड नव्हता. घाईच्या दिवसांत पाउच एकावर एक थप्पी लावून कोंबले जात होते, मधल्यांना वाफ मिळणार कशी? आधीच्या चांगल्या टेस्टनंतरचा एकेक पाउच आम्ही फोडला. दात काढायचा एक फोर्सेप्स मिटलेलाच निघाला. उघडून पाहिला, तर बिजागरीत वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ. ती रेघ मी अजून विसरलेले नाही. सगळी हत्यारं पुन्हा धुतली, पुन्हा लावली, दोन दिवसांच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. हत्यार वापरलं की वाळू द्यायचं नाही. जाड ग्लोव्हज घालून, लांब दांड्याच्या ब्रशने धुवायचं. जिथे घाण राहिली तिथे वाफ काही करू शकत नाही. बिजागरीची हत्यारं उघडी ठेवायची. पाउच रॅकमध्ये उभे, मधे बोट जाईल एवढी फट सोडून. 134 अंशांना 3 मिनिटं हे खरं, पण ती मिनिटं तापमान गाठल्यावर मोजायची. आणि वाळण्याचा वेळ कापायचा नाही. पेशंट खुर्चीत बसलाय म्हणून ओला पाउच ओढून काढणारे मला मुळीच चालत नाहीत. ओल्या कागदातून हातावरचे जंतू थेट आत जातात, तो पाउच बादच. स्पोअर टेस्ट दर आठवड्याला करायची, मशीन नवं असलं तरी.

दुसरी चूक हँडपीसची, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलची. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पुढच्या तोंडात घातला, हे मी अनुभवी लोकांनाही करताना पाहिलंय. आतलं फिरणारं चाक (टर्बाइन) थांबताना लाळ आणि रक्त आत ओढलं जाऊ शकतं, बाहेरून पुसून ते निघत नाही. प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस ऑटोक्लेव्हमध्ये गेलाच पाहिजे. वेळ पुरत नसेल तर हँडपीस जास्त घ्या, पायरी कमी करू नका. तो काढण्याआधी पाणी आणि हवा 20 ते 30 सेकंद वाहू द्या.

हत्यारं उकळून निर्जंतुक होत नाहीत, स्पोअर उकळत्या पाण्यातही तग धरतात. ग्लोव्हज धुऊन पुन्हा वापरू नका. ग्लोव्हज घातलेल्या हाताने ड्रॉवर किंवा मोबाइलला हात लावू नका. खुर्चीवर जंतुनाशक फवारून लगेच पुसू नका, बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्या. हेपाटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो, आणि तुमची स्वतःची लस झाली नसेल तर आधी ती घ्या.

सुईला दोन्ही हातांनी टोपण लावू नका. टोपण ट्रेवर ठेवा आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवा. टोचलीच तर जागा दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि ओरडा बसेल या भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी मी सांगते: सुई टोचली तर चालू काम तिथेच सोडून माझ्याकडे ये.