अमेरिकेतला पहिला डिसेंबर आणि टीव्हीवरची जुनी ख्रिसमस स्पेशल्स

जी मंडळी उन्हाळ्यात भारतातून इकडे न्यू जर्सीत येतात त्यांचे पहिले काही महिने अपार्टमेंट, गाडी, लायसन्स आणि शाळेचे लसीकरणाचे फॉर्म यातच जातात, मग थँक्सगिव्हिंग होतं आणि एकदम डिसेंबर अंगावर येतो. साडेचारला अंधार. खाली खेळायला पाठवता येत नाही, मुलं घरात एकमेकांच्या उरावर, आणि शाळेतून रोज नवीन नावं घेऊन येतात, ग्रिंच काय, रुडॉल्फ काय, फ्रॉस्टी काय. आपल्याला वाटतं असतील नेहमीची कार्टून्स, बघतील यूट्यूबवर. तर तसं नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ही जी मोजकी जुनी स्पेशल्स, म्हणजे सणापुरते केलेले टीव्हीचे कार्यक्रम, आहेत ना, बहुतेक 1964 ते 1970 मधली, ती इथे वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी बघितलेली असतात, तुमच्या मॅनेजरने, मुलांच्या टीचरने, शेजारच्या आजीबाईंनी. तेव्हा घरात व्हीसीआर नव्हते, कार्यक्रम वर्षातून एकदा लागायचा, त्या संध्याकाळी चुकला की थेट पुढच्या वर्षी. त्यामुळे लोक जेवणं उरकून, आंघोळ करून नाइट ड्रेसमध्ये टीव्हीसमोर बसायचे. आपल्याला 'उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली' ऐकलं की जे होतं ते यांना रुडॉल्फची धून ऐकून होतं, एवढं समजून घेतलंत तरी पुरे. ऑफिसच्या पार्टीत कोणी एखाद्याला 'तो ग्रिंच आहे' (म्हणजे दुसऱ्यांचा सण न बघवणारा) म्हणालं आणि सगळे हसले तर तुम्ही नुसतं बघत बसायला नको. आणि बरीचशी अर्ध्या तासाची, रुडॉल्फसारखी काही जाहिराती धरून तासाभराची, म्हणजे शाळेच्या दिवशीसुद्धा झोपायच्या आधी बसतं.

सुरुवात रुडॉल्फपासून करा. 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' 6 डिसेंबर 1964 ला एनबीसीवर पहिल्यांदा लागलं, जनरल इलेक्ट्रिकने स्पॉन्सर केलं होतं. हे काढलेलं कार्टून नाहीये, खऱ्या छोट्या बाहुल्या आहेत, त्या केसभर हलवायच्या, फोटो काढायचा, परत केसभर हलवायच्या. कंपनी न्यूयॉर्कची, रँकिन-बास, पण बाहुल्यांचं सगळं शूटिंग जपानमध्ये तादाहितो मोचिनागांच्या स्टुडिओत झालेलं. आजच्या मुलांना सुरुवातीला ते हलणं जरा अडखळत वाटतं, दहा मिनिटांत विसरतात. गोष्ट माहितीच असेल, लाल दिव्यासारखं चमकणारं नाक असलेलं पाडस, त्याला बाकीचे खेळायला घेत नाहीत. पण मोठ्यांनी बघताना खरी मजा बाकीच्या पात्रांची आहे. हर्मी नावाचा एक एल्फ आहे, त्याला खेळणी बनवायची नाहीत, डेंटिस्ट व्हायचंय, आणि त्याचा बॉस त्याच्यावर ओरडतो! आपल्याकडे हे बरोब्बर उलटं झालं असतं. सांता चक्क बारीक आहे आणि त्याची बायको त्याच्या मागे लागलीये, खा रे, खा, बारीक सांता कोणी बघितलाय का. त्या सीनला सबटायटल लागत नाही.

माझं स्वतःचं एक मत आहे, इथल्या लोकांना सहसा आवडत नाही, पण या गोष्टीतली मोठी माणसं फार वाईट वागतात. बाप पाडसाच्या नाकावर चिखल थापतो, वरून नकली काळं नाक बसवतो, त्याने बिचाऱ्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो, मग खेळताना ते नाक निघून पडतं आणि कोच सगळ्यांसमोर सांगतो की याला आजपासून खेळायला घ्यायचं नाही. सांतासुद्धा बापालाच बोल लावतो. आणि शेवटी धुकं पडलं, नाक उपयोगी ठरलं, की सगळे गोड. आमची धाकटी पहिल्यांदा बघताना म्हणाली, म्हणजे धुकं पडलं नसतं तर? मी म्हटलं हाच प्रश्न उद्या टीचरला विचार. नवीन शाळेत, नवीन उच्चारांत, नवीन डब्याच्या वासात जी मुलं नुकतीच गेलेली असतात ना त्यांना हे फार पटकन लागतं, बघून झाल्यावर दहा मिनिटं गप्पा मारायला ठेवा, ती आपणहून बोलतात, 'शाळेत कसं चाललंय' विचारून जे कधी कळत नाही ते रुडॉल्फच्या निमित्ताने कळतं.

अजून एक गंमत. यात मोडक्या-विचित्र खेळण्यांचं एक बेट आहे, चौकोनी चाकांची गाडी, ठिपक्यांचा हत्ती वगैरे, आणि रुडॉल्फ त्यांना वचन देतो की सांताला सांगून तुमची सोय करतो. पहिल्या वर्षी जे लागलं त्यात ती सोय झालेली दाखवलीच नव्हती! लोकांनी तक्रारीची पत्रं पाठवली, तेव्हा पुढच्या वर्षी सांता त्यांना न्यायला येतो तो सीन नव्याने घातला. आणि नावं येतात तिथे रोमन आकड्यांत जे साल आहे त्यात एक एम गळलाय, त्यामुळे हिशोब केला तर कार्यक्रम 1164 सालचा निघतो. रोमन आकडे शिकणारं मूल घरात असेल तर त्याला शोधायला लावा.

दुसरं चार्ली ब्राउन. 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस', 9 डिसेंबर 1965, सीबीएस, स्पॉन्सर कोकाकोला. हे माझं सगळ्यात लाडकं आहे आणि हेच मुलांना पहिल्या झटक्यात आवडत नाही, कारण यात काही घडतच नाही. एक मुलगा उदास आहे, सगळीकडे रोषणाई चाललीये आणि त्याला आनंद होत नाहीये, बस. मैत्रीण लुसी पाच सेंट घेऊन मानसोपचार करते, धाकटी बहीण सांताला पत्र लिहून घेते की जमलं नाही तर सरळ पैसेच पाठव, दहा-वीसच्या नोटांत, आणि कुत्रा आपलं घर सजवून बक्षीस जिंकतो. चॅनेलच्या साहेबांनी तयार झालेलं बघितलं तेव्हा त्यांना हे पडणार याची खात्री होती, संथ आहे म्हणे, जॅझ कशाला म्हणे, पण वेळ जाहीर झाली होती त्यामुळे दाखवावं लागलं, आणि त्या रात्री टीव्ही बघणाऱ्या जवळजवळ निम्म्या घरांनी ते बघितलं. पुढे एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कारसुद्धा मिळाला. आवाज खऱ्या मुलांचे आहेत, काही तर इतकी लहान होती की वाचता येत नव्हतं, त्यांच्याकडून वाक्यं तुकड्या-तुकड्याने म्हणून घेतली, त्यामुळे ते बोलणं असं थांबत-थांबत येतं आणि तेच गोड वाटतं. मागे खोटं हसू नाही, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. संगीत व्हिन्स ग्वाराल्डीचं, तो पियानो तुम्ही दुकानांत आधीच ऐकलेला असणार.

आता नवीन आलेले लोक हमखास विचारतात की हे धार्मिक असतं का, मुलांना दाखवायचं का. तर रुडॉल्फ, ग्रिंच, फ्रॉस्टीमध्ये येशूची गोष्ट नाहीच. चार्ली ब्राउनमध्ये आहे, शाळेच्या नाटकाच्या स्टेजवर लायनस नावाचा छोटा मुलगा लूकच्या शुभवर्तमानातला दुसऱ्या अध्यायातला उतारा म्हणतो, मेंढपाळ आणि देवदूताचा, मिनिटभराचा. आम्ही हिंदू घर, आम्हाला कधी काही वाटलं नाही, आणि वसईच्या आमच्या मित्रमंडळींकडे तर तेवढ्यापुरतं सगळ्यांना गप्प करतात. बघताना एक लक्ष ठेवा, लायनस ती निळी चादर कधी सोडत नाही, पण 'भिऊ नका' हे शब्द येतात तिथे ती हातातून खाली पडलेली असते. कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. आणि ते अ‍ॅल्युमिनियमचं गुलाबी झाड वगैरे थट्टा आहे ना, तशी झाडं तेव्हा खरंच फॅशनमध्ये होती, नंतर ती फॅशन ओसरली आणि बरेच लोक त्याचं श्रेय याच कार्यक्रमाला देतात.

तिसरं ग्रिंच, 18 डिसेंबर 1966, गावाचा ख्रिसमस चोरायला निघालेल्या एका कुढ्या प्राण्याची गोष्ट. मुलांनी आधीच जिम कॅरीचा 2000 चा किंवा 2018 चा अ‍ॅनिमेशनवाला सिनेमा बघितलेला असेल, असू दे, तरी हे सव्वीस मिनिटांचं मूळ बघाच, सिनेमांत उगाच ग्रिंचच्या बालपणाची रडकथा घातलीये, इथे सरळ सांगितलंय की त्याचं काळीज दोन साइझ लहान आहे आणि पुढे चला. पुस्तक डॉ. सूसचं, 1957 चं, त्यात ग्रिंच हिरवा नाहीच, हिरवा केला तो चक जोन्सने, बग्स बनीवाला. निवेदन बोरिस कार्लॉफचं, म्हणजे जुन्या सिनेमातला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. पण ते जाड आवाजातलं शिव्या घालणारं गाणं त्याचं नाही, ते थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टचं, आणि त्या बिचाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत टाकायचंच राहिलं होतं. फ्रॉस्टेड फ्लेक्सच्या जाहिरातीतला टोनी वाघ, तोही हाच माणूस. सगळं यमकात आहे आणि पटापट आहे, आजी-आजोबा आलेले असतील तर कॅप्शन्स लावा. बाकी मॅक्स कुत्र्याच्या डोक्यावर दोऱ्याने एकच शिंग बांधतात आणि त्याच्या वजनाने तो कलंडतो, तिथे चार वर्षांपासून ऐंशीपर्यंत सगळे हसतात, भाषेचा संबंध नाही.

फ्रॉस्टी, 1969. लहानांसाठी. टोपी घातल्यावर बर्फाचा माणूस जिवंत होतो आणि पहिला शब्द काय तर 'हॅपी बर्थडे'. एकच सूचना, तो काचेच्या ग्रीनहाउसमध्ये वितळून जातो आणि तीन-चार वर्षांची मुलं तिथे धाय मोकलून रडतात, लगेच सांता येऊन त्याला परत आणतो तेव्हा त्या सीनला चहा करायला उठू नका.

यानंतर वेळ उरला तर 1970 चं 'सांता क्लॉज इज कमिंग टु टाउन', फ्रेड अस्टेरच्या निवेदनाचं, त्यात खेळण्यांवर बंदी घालणारा एक बर्गरमायस्टर, म्हणजे नगराध्यक्ष, आहे, पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीची आठवण येते. 1974 चं 'द यिअर विदाउट अ सांता क्लॉज' फक्त हीट मायझर आणि स्नो मायझरच्या गाण्यांसाठी, मधला भाग पुढे ढकला, कोणी काही म्हणणार नाही. 1968 चं 'लिटल ड्रमर बॉय' मात्र पूर्ण धार्मिक आणि बरंच दुःखी आहे, ते मोठ्या मुलांना.

सांता हा विषय निघालाच आहे तर. आपली मुलं सात-आठ वर्षांची झाली की स्पष्ट सांगतात, सांता वगैरे खोटं असतं, आईबाबाच देतात. घरात म्हणू देत. पण ही सगळी स्पेशल्स सांता खरा आहे असं धरूनच चालतात आणि वर्गातली निम्मी मुलं अजून मानत असतात, तिथे आपल्या पोराने ही बातमी फोडली की संध्याकाळी दुसऱ्या आईचा मेसेज येतो आणि तो गोड नसतो. पहिलं स्पेशल लावायच्या आधीच मुलांना हे सांगून ठेवा.

न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्यांसाठी एक खास आपल्या भागातली गोष्ट, यूल लॉग. म्हणजे टीव्हीवर नुसती जळणारी शेकोटी आणि गाणी, बाकी काही नाही. चॅनेल 11 ने, डब्ल्यूपीआयएक्सने, 1966 च्या ख्रिसमस ईव्हला सुरू केलं, स्टेशनचे प्रमुख फ्रेड थ्रोअर यांची कल्पना, की अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या न्यूयॉर्ककरांकडे फायरप्लेस कुठून असणार, तर त्यांना टीव्हीवर देऊया, आणि जाहिरातींचे पैसे सोडून दिले. शूटिंग मेयरच्या बंगल्यात, ग्रेसी मॅन्शनमध्ये. जाळी काढून ठेवली होती, ठिणगी उडाली आणि तिथला भारी गालिचा जळला, त्यामुळे पुढे फिल्म खराब झाल्यावर परत तिथे शूटिंगला परवानगी मिळाली नाही आणि 1970 मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन नवीन केलं. पहिली फिल्म सतरा सेकंदांचीच होती, तीच फिरत राहायची. अपार्टमेंटमध्ये नवीन आलेल्या आपल्या लोकांना याहून योग्य कार्यक्रम नाही, हीटर लावा, कांदाभजी करा, शेकोटी टीव्हीवर.

24 तारखेच्या रात्रीपासून टीबीएस-टीएनटीवर 'अ ख्रिसमस स्टोरी' हा 1983 चा सिनेमा चोवीस तास लागोपाठ चालतो, ही प्रथा 1997 पासूनची. सलग बघायचा नसतो, तो मागे चालू ठेवायचा, येता-जाता बसायचं. पायाच्या आकाराचा दिवा हा विनोद त्यातलाच.

आता मिळवायचं कसं. टीबीएस-टीएनटी सोडलं तर केबल घ्यायची काही गरज नाही, वीस-तीस डॉलरचा घरातला अँटेना खिडकीला लावला की चॅनेल 2, 4, 7, 11 फुकट दिसतात, फक्त खिडकी मॅनहॅटनच्या दिशेची असेल तर बरं. रुडॉल्फ मध्ये बरीच वर्षं सीबीएसवर होतं, 2024 पासून परत एनबीसीवर आलंय. चार्ली ब्राउन 2020 पासून अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंग सेवेकडे गेलंय, साध्या टीव्हीवर शोधत बसू नका, पण डिसेंबरात ठरावीक दिवस सबस्क्रिप्शन नसताना बघू देतात, ते दिवस दर वर्षी बदलतात तेव्हा थँक्सगिव्हिंगनंतर एकदा बघून ठेवा. टीव्हीवर लागतात त्यांत जाहिरातींसाठी बरेचदा गाणी-सीन कापलेले असतात, पूर्ण हवं असेल तर गावातल्या लायब्ररीत डीव्हीडी मिळतात, कार्डाला पैसे लागत नाहीत. डीव्हीडी प्लेअर नसेल तर काही लायब्रऱ्या तोही घरी देतात, विचारा. फक्त होल्ड, म्हणजे डीव्हीडीसाठी नंबर, नोव्हेंबरातच लावा, डिसेंबरात लावलात तर तुमचा नंबर जानेवारीत येतो.