क्वांटम अस्थानिकतेचा हिशेब कसा मांडावा

क्वांटम अस्थानिकता, म्हणजे दूरच्या कणांच्या मोजमापांत आधी ठरवलेल्या उत्तरांनी समजावता येणार नाही इतका मेळ, म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर दूरच्या दोन कणांमध्ये क्षणार्धात पोहोचणारा निरोप येतो. हे चित्र आधी पुसून टाकावे, कारण अस्थानिकतेने निरोप पाठवता येत नाही. तिच्याकडे भांडवल म्हणून पाहावे: ते किती आहे हे मोजता येते, कशाने घटते हे सांगता येते, आणि काही विशिष्ट कामांसाठीच ते खर्ची घालता येते. हे सर्व शिकण्यासाठी एक छोटा खेळ पुरेसा आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या प्रमेयाला क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये प्रयोगात तपासता येईल असे रूप दिले. त्याचाच हा खेळ आहे.

अनघा आणि बंडू यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावे. प्रत्येकाच्या खोलीत नाणे उडवावे. छापा किंवा काटा हा त्याचा प्रश्न. उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच द्यायचे. दोघांना काटा आला असेल तर उत्तरे वेगळी असली पाहिजेत, अन्य तिन्ही वेळा ती सारखी असली पाहिजेत. खेळापूर्वी कितीही खलबते करण्यास, यादृच्छिक (कोणत्याही नियमाविना आलेल्या) आकड्यांची सामाईक यादी सोबत नेण्यासही मुभा आहे. ही साधने फुकट धरावीत. प्रश्न हाती पडल्यानंतर मात्र एकमेकांशी संपर्क पूर्ण बंद.

आता कागद घेऊन प्रथम साध्या डावपेचांची मर्यादा काढावी. छाप्याला बंडू जे उत्तर देणार, तेच अनघाने छाप्याला आणि काट्यालाही दिले पाहिजे. शिवाय अनघाचे छाप्याचे उत्तर बंडूच्या काट्याच्या उत्तराशी जुळले पाहिजे. या तीन अटी पाळल्या की चारही उत्तरे एकच होतात आणि चौथी अट, म्हणजे दोघांना काटा आल्यावर वेगळे बोलण्याची, आपोआप मोडते. म्हणून चारांपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के, ही कमाल झाली. सामाईक यादीने ती वाढत नाही, कारण यादी म्हणजे अशाच ठरावीक डावपेचांची सरमिसळ.

मग दोघांना परस्परांत गुंतलेल्या, म्हणजे एकच सामाईक क्वांटम अवस्था असलेल्या, फोटॉनांची (प्रकाशकणांची) जोडी द्यावी. प्रत्येकाने आपला फोटॉन ध्रुवणमापकाने, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा तपासणाऱ्या उपकरणाने, मोजावा आणि निकालानुसार 'हो' किंवा 'नाही' सांगावे. अशा एका जोडीत दोन ध्रुवणमापकांमधील कोनाच्या कोसाइनचा वर्ग ही उत्तरे सारखी येण्याची शक्यता असते. अनघाने छाप्याला ० अंश आणि काट्याला ४५ अंश, तर बंडूने छाप्याला २२.५ आणि काट्याला उणे २२.५ अंश असा मापक लावावा. प्रश्नांच्या तीन जोड्यांमध्ये फरक २२.५ अंशांचा पडतो, म्हणून उत्तरे जुळण्याची शक्यता सुमारे ८५.४ टक्के, दोन्हीकडे काटा असताना फरक ६७.५ अंशांचा होतो आणि तेव्हा उत्तरे न जुळण्याची शक्यता नेमकी तेवढीच येते. हा कोनांचा मेळ एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहावा. नुसते वाचून त्याची गंमत कळत नाही. मात्र अनघाची एकटीची यादी पाहिली तर तिथे निम्मे 'हो' आणि निम्मे 'नाही'च दिसतात. बंडूने काहीही केले तरी त्यात फरक पडत नाही, म्हणूनच निरोप जात नाही.

प्रयोगशाळेत या प्रमाणाऐवजी 'एस' ही राशी लिहितात. 'एस'ला ८ ने भागून त्यात अर्धा मिळवला की जिंकण्याचे प्रमाण मिळते. साध्या डावपेचांची मर्यादा २ आहे, क्वांटम मर्यादा २√२, म्हणजे सुमारे २.८३, ही दुसरी मर्यादा गणितज्ञ सिरेलसन यांनी १९८० मध्ये दाखवली. 'एस' २ च्या वर जितका चढेल तितके भांडवल गाठीशी आहे असे समजावे. गुंतलेपणा आणि हे भांडवल यांत गल्लत करू नये: वरील जोडीत पूर्ण गोंगाट, म्हणजे निव्वळ यादृच्छिक उत्तरे देणारी अवस्था, मिसळत गेल्यास शुद्ध भाग एक-तृतीयांशाहून जास्त असेपर्यंत गुंतलेपणा टिकतो, पण हा खेळ ७५ टक्क्यांच्या वर जिंकण्यासाठी तो भाग सुमारे ७१ टक्क्यांच्या वर लागतो.

खरी काळजी घ्यायची ती मोजणीत. 'फोटॉन आलाच नाही' असे म्हणून फेऱ्या गाळण्याचा मोह होतो, आणि तिथेच हिशेब बुडतो. प्रत्येक फेरीत कोणती प्रश्नजोडी हरायची हे यंत्रांनी आधीच ठरवून ठेवले आणि बंडूला त्या जोडीतला त्याचा प्रश्न आला की त्याचे यंत्र गप्प बसले, तर उरलेल्या सर्व फेऱ्या जिंकता येतात. क्वांटमचा लवलेशही नसताना १०० टक्के यश! म्हणून एकही फेरी निकाल पाहून गाळू नये. दुसरी दक्षता अंतराची, म्हणजे उत्तरे देण्याआधी यंत्रांना चोरून संपर्क साधता येऊ नये याची. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे हिऱ्यांतील इलेक्ट्रॉन सुमारे १.३ किलोमीटर अंतरावर ठेवले होते. एवढे अंतर कापायला प्रकाशाला चार मायक्रोसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि त्याआधीच दोन्ही उत्तरे नोंदवली जात. तिथे २४५ फेऱ्यांत 'एस' २.४२ आला. क्लाउडवरील क्वांटम संगणकावर हा खेळ जरूर खेळावा, पण दोन्ही क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीची एकके) एकाच चिपवर असल्याने तो सराव समजावा, पुरावा नव्हे.

भांडवल खर्चण्याचा सर्वात स्वच्छ मार्ग म्हणजे अविश्वासू यंत्रातून खात्रीची यादृच्छिकता काढणे. 'एस'चा वर्ग ४ ने भागून २ मधून वजा करावा, वर्गमूळ घ्यावे, त्यात १ मिळवून निम्मे करावे. एका खेळाडूचे उत्तर तिऱ्हाइताला यापेक्षा अधिक शक्यतेने ओळखता येत नाही. 'एस' २ असेल तर ही शक्यता १ येते, म्हणजे हाती काहीच नाही. २.४२ ला ती सुमारे ०.८७ येते, म्हणजे दर फेरीला जेमतेम एक-पंचमांश बिट (एका निखळ नाणेफेकीतून मिळते तेवढी यादृच्छिकता म्हणजे एक बिट). २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे एक मीटर अंतरावरील यटर्बियम धातूच्या दोन आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) ३०१६ फेऱ्या झाल्या आणि 'एस' २.४१४ मिळाला. या सूत्राने ढोबळ हिशेब केला तर ६०० च्या आसपास बिट दिसतात, पण फेऱ्या मोजक्या असल्याने अनिश्चिततेची वजावट केल्यावर ९९ टक्के खात्रीने ४२ च उरले. शिवाय दर फेरीला प्रश्न निवडण्यातच दोन यादृच्छिक बिट जातात. तेव्हा नफा हवा असेल तर बहुतेक फेऱ्यांत एकच ठरलेला प्रश्न विचारावा, खऱ्या कसोटीच्या फेऱ्या अधूनमधून, आगाऊ न कळवता पेराव्यात आणि एकूण फेऱ्यांची संख्या मात्र पुष्कळ वाढवावी.