पत्त्यांच्या कॅटने विचारांचा वेळ कसा मोजावा

डोक्यात चाललेला विचार दिसत नाही, पण त्याला लागणारा वेळ मोजता येतो. ही वाट डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ साली दाखवली: निवड करून दिलेल्या प्रतिसादाच्या वेळातून साध्या प्रतिसादाचा वेळ वजा करा, उरेल तो ओळखण्या-निवडण्याचा. नारायण पेठेतल्या घरी, पावसाळी दुपारी, भाचीला घेऊन मी हे पत्त्यांवर करून पाहिलं. ५२ पत्ते आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढंच लागतं.

कॅट पिसून घ्या आणि इस्पिक, किलवर, बदाम, चौकट असे चार ढीग लावा. वेळ लिहा. मग तेच पत्ते एकाच ढिगावर भराभर टाका आणि हा वेळ वजा करा, असं मी सांगत होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "मावशी, चार ढिगांना हात लांब न्यावा लागतो. तो वेळ पण यातच आला की!"

अगदी बरोबर. म्हणून एका ढिगाऐवजी चारही जागी ओळीने पत्ते वाटत जा. हात तेवढाच फिरतो, निवड मात्र करावी लागत नाही. समजा वाटायला ३० सेकंद लागले आणि लावायला ५६, तर फरक २६ सेकंदांचा, म्हणजे पत्त्यामागे अर्धा सेकंद.

पहिल्या दोन फेऱ्या सरावाच्या, त्या धरू नका. पुढे वाटणं आणि लावणं आलटून पालटून करा, नाहीतर सराव आणि कंटाळा एकाच बाजूला साचतो. प्रत्येकी पाच फेऱ्या करून मधली संख्या घ्या. एक जरी पत्ता चुकला तरी फेरी पुन्हा करा. लावणाऱ्याच्या हातावरही लक्ष ठेवा: भाचीचा हात किलवर घेऊन इस्पिकाच्या ढिगापर्यंत जायचा आणि तिथे क्षणभर थबकायचा.

वजाबाकीत एक गोष्ट आपण गृहीत धरतो: नवी पायरी आली तरी बाकीच्या तशाच राहतात. ते नेहमी खरं नसतं. मानसशास्त्रज्ञ सॉल स्टर्नबर्ग यांनी १९६९ साली त्यावर सुचवलेला उपाय मला फार आवडतो. पायरी काढू नका, ती अवघड करा.

पडदे ओढून अंधुक उजेड केला की पाहणं अवघड होतं. दर फेरीला ढिगांच्या जागा बदलल्या की निवडणं अवघड होतं. इथे पत्ते पालथे टाका, म्हणजे जागा लक्षातच ठेवावी लागेल. लख्ख आणि अंधुक उजेड, सवयीच्या आणि बदललेल्या जागा, अशा चारही जोड्या मोजा. (निवडणं अवघड करायला लाल-काळे असे दोन ढीग विरुद्ध चार ढीग अशी तुलना इथे नको. अंधुकात लाल-काळं ओळखणं आणि इस्पिक-किलवर ओळखणं सारखं अवघड नसतं.)

अंधुकामुळे सवयीच्या जागांना आठ सेकंद वाढले आणि बदललेल्यांनाही साधारण आठच, तर पाहणं आणि निवडणं एकामागून एक येणाऱ्या वेगळ्या पायऱ्या आहेत, असं म्हणायला आधार मिळतो. बदललेल्या जागांना पंधरा वाढले, तर दोन्ही अडचणी कुठेतरी एकाच पायरीवर भार टाकत असाव्यात.