एका प्रोसेसमध्ये एकच ओपनएसएसएल

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या मराठी मंडळाचा एक छोटा सर्व्हर मी सांभाळतो. उबुंटू ही लिनक्स प्रणाली, त्यावर अपाचे हा वेब सर्व्हर, आणि नाटकाच्या तिकिटांसाठी सी भाषेत लिहिलेलं एक मॉड्यूल, म्हणजे अपाचेला जोडायचा भाग. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलो आणि अपाचे सुरूच होईना. मॉड्यूलला ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीची १.१.१ आवृत्ती हवी होती, नव्या उबुंटूत होती ३.०. नेटवरून जुनी लायब्ररी उतरवून बसवली, अपाचे चालू झाला, मुखपृष्ठ उघडलं, मी निश्चिंत झालो. गणेशोत्सवातल्या प्रयोगाची तिकिटं निघाली तेव्हा पैसे भरायच्या पायरीवर पान कोरं. लॉगमध्ये सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्राम कोसळल्याची नोंद. ज्येष्ठ मंडळी फोनवर फोन करत होती. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी दुखणं समजून घ्या. अपाचेची सगळी मॉड्यूलं एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्राममध्ये, नांदतात. त्यांतलं कोणी १.१ आणलं आणि कोणी ३ आणलं तरी लगेच भांडण होत नाही, कारण लिनक्सवर फंक्शनच्या नावांना आवृत्तीची खूण असते. घात होतो तो वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की. आमचं मॉड्यूल पेमेंटसाठी कर्ल ही नेटवर देवाणघेवाण करणारी लायब्ररी वापरत होतं. कर्लने ३.० चा संदर्भ (जोडणीची माहिती ठेवणारी वस्तू) तयार करून दिला, मॉड्यूलने त्यावर १.१ ची फंक्शनं चालवली. आतली रचना वेगळी, प्रोसेस तिथेच कोसळली.

म्हणून पहिलं काम शोधाचं. कोणती फाइल कोणत्या लायब्ररी मागते ते दाखवणारी एलडीडी कमांड नुसती अपाचेवर चालवू नका. मॉड्यूलं मागाहून लोड होतात, त्यामुळे तिथे काही दिसणार नाही. प्रत्येक मॉड्यूलच्या फाइलवर चालवा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे चालू प्रोसेसचा नकाशा: प्रॉक फोल्डरमध्ये प्रोसेसच्या क्रमांकाखाली मॅप्स नावाची फाइल असते, तिच्यात लिबक्रिप्टो ही ओपनएसएसएलचीच फाइल शोधा. तिच्या नावाच्या शेवटी १.१ आणि ३ दोन्ही दिसले तर थांबा, आधी हे निस्तरा.

मग जुनं मॉड्यूल वितरणाच्याच, म्हणजे उबुंटूच्याच, डेव्हलपमेंट पॅकेजवर पुन्हा कंपाइल करा. ३.० मध्ये कालबाह्य ठरलेल्या फंक्शनांवर इशारे येतील. ते वाचा, पण बहुतेकदा काम चालतं. स्वतः बांधलेलं ओपनएसएसएल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा किंवा मॉड्यूलच्या पोटात स्टॅटिक (कायमची प्रत म्हणून) जोडायचा मोह टाळा. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही ओपनएसएसएलमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा ज्यांनी पॅकेजवर भिस्त ठेवली होती, त्यांना पॅकेज अपडेट करून सेवा रीस्टार्ट केली की दुरुस्त लायब्ररी मिळाली. स्टॅटिक प्रत मात्र ज्याची त्यानेच शोधून नव्याने बांधायची.

अपडेटनंतर रीलोड, म्हणजे सेवा न थांबवता मांडणी पुन्हा वाचायला लावणं, पुरत नाही. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये मास्टर प्रोसेस तीच राहते, नवे वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस) तिच्यापासूनच जन्मतात आणि जुनीच लायब्ररी वापरतात. पूर्ण रीस्टार्ट करा. मग मॅप्समध्ये लिबक्रिप्टोपुढे ‘डिलीटेड’ दिसतं का पाहा. दिसलं तर कोणी तरी अजून जुन्यावरच बसलंय. नीडरीस्टार्ट हे साधन हीच तपासणी सगळ्या सेवांसाठी करतं. कंटेनर, म्हणजे बंद डब्यासारखे वेगळे चालणारे प्रोग्राम, लायब्ररीची स्वतःची प्रत घेऊन येतात, त्यांच्या इमेज (साचे) वेगळ्या बांधाव्या लागतात.

आवृत्तीचा आकडा पाहून घाबरू नका. उबुंटू २२.०४ मध्ये तो ३.०.२ च राहतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून त्यातच बसवलेल्या असतात. पाहायचा तो पॅकेजचा पूर्ण क्रमांक.

आणि चाचणी घ्याल ती मुखपृष्ठाची नको. आम्ही आता प्रत्येक अपडेटनंतर एक रुपयाचं तिकीट खरंच काढतो, पैसे भरतो, पावती येईपर्यंत थांबतो, आणि मगच मंडळाच्या ग्रुपवर बुकिंग सुरू झाल्याचं कळवतो.