नाताळच्या सुट्टीतील हिवाळी वादळाचा अंदाज खान्देशात कसा बांधावा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खान्देशात बराच माल आणि बरीच माणसे उघड्यावर असतात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, कापसाची शेवटची वेचणी चालू असते, तापीकाठच्या काळ्या रानात दादर (रब्बी ज्वारी) निसवत असते आणि रावेर-यावलच्या मृगबागांत (जून-जुलैत लावलेल्या बागांत) केळीचे घड बाहेर पडू लागलेले असतात. त्याच आठवड्यात नाताळच्या सुट्टीमुळे पुण्या-सुरतेची मंडळी गावी येतात आणि तोरणमाळच्या घाटात गाड्यांची वर्दळ वाढते. २०२४ मध्ये नेमक्या याच दिवसांत, २७ डिसेंबरच्या सुमारास, पश्चिमी झंझावाताची (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालीची) आणि अरबी समुद्रावरून आलेल्या बाष्पाची गाठ पडली. दिल्लीत २४ तासांत ४१.२ मि.मी. पाऊस झाला आणि डिसेंबरमधील एका दिवसाच्या पावसाचा तेथील १०१ वर्षांतला उच्चांक नोंदला गेला. त्याच प्रणालीमुळे उत्तर महाराष्ट्रातही पाऊस आणि गारपिटीचे इशारे द्यावे लागले होते.

असे वादळ येणार की नाही, हे एका दिवसात ठरवता येत नाही. अंदाज टप्प्याटप्प्याने पक्का होत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो. दहा दिवस आधी ‘माझ्या गावात गारा पडतील का’ असे विचारले, तर जे उत्तर मिळते ते अंदाज नसते, ती केवळ भीती असते. आणि ऐन सुट्टीत मोबाइलवर फिरणारे बहुतेक संदेश याच भीतीवर चालतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वादळ कशाने होते

पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे उत्तर भारतात येतात. हिवाळ्यात महिन्याला असे चार-पाच तरी येतात, परंतु त्यांतील बहुतेक हिमालयात बर्फ आणि पंजाबात पाऊस देऊन निघून जातात व आपल्याकडे त्यांची चाहूल फक्त कमी-जास्त होणाऱ्या थंडीतून लागते. खान्देशात पाऊस पडायचा असेल तर दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. पहिली म्हणजे झंझावाताचा वरच्या थरांतील कमी दाबाचा पट्टा नेहमीपेक्षा बराच दक्षिणेला उतरावा लागतो. दुसरी म्हणजे त्याच वेळी अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प खालच्या थरातून तापीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचावे लागते. पट्टा आला आणि बाष्प आले नाही, तर पांढरे उंच ढग तेवढे दिसतात. बाष्प आले आणि पट्टा उत्तरेकडूनच निघून गेला, तर दोन दिवस आभाळ राहते, थंडी मोडते आणि बहुधा एवढ्यावरच भागते.

दहा ते सहा दिवस आधी

या टप्प्यावर विचारायचा प्रश्न एवढाच असतो: त्या आठवड्यात एखादा मोठा झंझावात येण्याची शक्यता आहे का? त्यासाठी हवामान विभागाचा दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा विस्तारित कालावधीचा अंदाज पाहावा. त्यात पुढील चार आठवड्यांच्या पावसाचा आणि तापमानाचा कल दिलेला असतो. त्याशिवाय विंडीसारख्या संकेतस्थळावर युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन्ही प्रारूपे (संगणकावर हवामानाचे गणित मांडणारी मॉडेल) उघडून त्यांची तुलना करावी. एका दिवशी दिसलेल्या तारखेवर आणि मिलिमीटरवर अजिबात विसंबू नये. दोन्ही प्रारूपे सलग तीन-चार दिवस त्याच सुमारास पाऊस दाखवत असतील, तर सावध व्हावे. एकाने दाखवला, दुसऱ्याने नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यानेही काढून टाकला, तर तो विषय तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा.

प्रारूपांची मुख्य गणना दिवसातून दोनदा, पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर होते आणि तिचे निकाल काही तासांनी उपलब्ध होतात. म्हणून दर तासाला मोबाइल पाहण्यात अर्थ नाही. दुपारी एकदा पाहावे आणि वहीत एक ओळ लिहून ठेवावी: कोणत्या प्रारूपाने कोणत्या दिवशी किती पाऊस दाखवला. चार दिवसांच्या चार ओळी एकाखाली एक वाचल्या की अंदाज स्थिर होत आहे की डगमगत आहे, हे आपोआप कळते.

पाच ते दोन दिवस आधी

खरे काम येथे सुरू होते आणि त्यासाठी हवामान विभागाची दैनंदिन पत्रिका वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते. पत्रिकेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही नावे लगेच सापडत नाहीत, कारण विभागाच्या रचनेत खान्देश ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतो. त्याच उपविभागात नाशिक, अहिल्यानगर, पुणे आणि थेट कोल्हापूर-सोलापूरही मोडतात. त्यामुळे मध्य महाराष्ट्रात पाऊस, एवढे वाचून घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार तक्ता उघडून आपल्या जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग पाहावा.

पत्रिकेतील सर्वांत मोलाचे वाक्य बहुधा सुरुवातीलाच असते आणि अनेक जण ते अवघड समजून सोडून देतात. त्याचा आशय साधारण असा असतो की, पश्चिमी वाऱ्यांतील कमी दाबाचा पट्टा समुद्रसपाटीपासून ५.८ कि.मी. उंचीवर, ६५ अंश पूर्व रेखांशाच्या लगत, २५ अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेस आहे. हे वाक्य आपल्या जिल्ह्याच्या नजरेने वाचावे. खान्देश सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४ ते ७६ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहे. पट्ट्याचे दक्षिण टोक २५ किंवा ३० अंशांवरच थांबत असेल, तर झंझावाताचा मुख्य भाग आपल्या बराच उत्तरेकडून जाणार आहे. तोच आकडा २२ किंवा २० अंशांपर्यंत खाली आला, तर पट्टा आपल्या अंगावरून जाणार आहे आणि आता गंभीरपणे पाहायला हवे.

रेखांशाचा आकडा वेळ सांगतो. हवा वर उचलली जाते ती पट्ट्याच्या पूर्वेकडील बाजूस, त्यामुळे पट्टा ६५ ते ७० अंशांवर असताना आपण नेमके त्याच्या पुढच्या, म्हणजे ढग वाढण्याच्या बाजूला असतो. पट्टा दिवसाला साधारण पाच ते दहा रेखांश पुढे सरकतो. आज तो इराणच्या पूर्व सीमेजवळ, ६० अंशांच्या आसपास असेल, तर आपल्याकडील धोक्याची वेळ उद्या-परवा येईल, असा हिशेब घरबसल्या करता येतो. पट्टा ७५ अंशांच्या पलीकडे गेला की आपण त्याच्या मागच्या बाजूस येतो. तेथे कोरडी हवा खाली उतरते, आभाळ मोकळे होते आणि थंडीचा अध्याय सुरू होतो.

आता बाष्प पाहायचे. विंडीवर ८५० हेक्टोपास्कल, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील वारे निवडावेत. हिवाळ्यात ते एरवी उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून कोरडे येतात. ते फिरून दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून येऊ लागले, अथवा खंबातच्या आखातावरून नैऋत्येचा प्रवाह थेट तापीच्या खोऱ्यात शिरताना दिसला, तर बाष्पाची वाट उघडली असे समजावे. सातपुडा आणि सातमाळा-अजिंठा यांच्या डोंगररांगांमधले हे खोरे पश्चिमेकडे उघडे असल्यामुळे तो प्रवाह साक्री, नवापूर आणि शहादा भागात आधी जाणवतो, तर जळगाव, रावेरपर्यंत नंतर पोहोचतो. जमिनीलगतचे दवबिंदू तापमानही (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते) पाहावे. कोरड्या थंडीत ते बरेच खाली असते. ते दोन दिवसांत चढत १५ अंशांच्या पुढे गेले, तर मी पाऊस गृहीत धरून कामे आखतो.

पाऊस आणि गारपीट हे दोन वेगळे अंदाज आहेत. गारपिटीसाठी वरची हवा विशेष थंड लागते. पावसाळ्यात हवेतील गोठणपातळी (जेथे तापमान शून्य अंशावर येते ती उंची) साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर असते. हिवाळी झंझावाताच्या दिवशी ती चार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. त्यामुळे ढग फार उंच न वाढताही त्यात गार तयार होते आणि पडताना वितळायला तिला वेळ कमी मिळतो. उंचीनुसार वाऱ्याचा वेग झपाट्याने वाढत असेल, तर ढग अधिक काळ टिकतो व गार मोठी होते. हे सारे सामान्य वाचकाने मोजावे अशी अपेक्षा नाही, परंतु जिल्ह्याच्या इशाऱ्यात विजांच्या शेजारी गारपिटीचे चिन्ह आले, तर ते कशाच्या आधारावर आले हे माहीत असावे.

इशाऱ्यातील शब्दही मोजूनमापून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे उपविभागातील जास्तीत जास्त चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत. गारपीट जवळजवळ नेहमीच तुरळक ठिकाणी असते. शेजारच्या शिवारात पडून आपल्याकडे पडली नाही, तर अंदाज चुकला असे म्हणणे योग्य नाही.

मिरचीची पथारी, कापूस आणि मळणीचा माल यांचे निर्णय याच टप्प्यावर घ्यावेत, कारण सुट्टीच्या दिवसांत मजूर, ताडपत्री आणि वाहन या तिन्ही गोष्टी ऐन वेळी मिळत नाहीत. जिल्ह्याला पिवळा रंग आणि दोन्ही प्रारूपांचे एकमत असेल, तर पसरलेला माल गोळा करण्याची तयारी ठेवावी. केशरी रंग असेल, तर वाट न पाहता उचलावा.

आदला दिवस आणि तो दिवस

आता आकाशही बोलू लागते. दोन दिवसांत पहाटेचे किमान तापमान चार-पाच अंशांनी चढते, पश्चिमेकडून तंतूसारखे उंच ढग येतात, रात्री चंद्राला खळे पडते. ही लक्षणे जुनी माणसे सांगतात आणि त्यांना शास्त्राचा आधार आहे, कारण खळे ज्या हिमकणांच्या ढगांमुळे पडते ते झंझावाताच्या पुढे धावणारेच ढग असतात. मात्र खळे पडले म्हणजे पाऊस येणारच, असे नाही.

उपग्रहाच्या चित्रांपैकी बाष्पाचे चित्र आधी उघडावे. त्यात इराण-पाकिस्तानवरून खाली वाकून आलेला काळपट, कोरडा पट्टा आणि त्याच्या पूर्वेकडील कडेला अरबी समुद्रावरून गुजरात, खान्देशमार्गे ईशान्येकडे चढणारा पांढरा पट्टा एकत्र दिसले, तर प्रणाली जुळली आहे. दुपारनंतर अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात लहान, गोल, पांढरेशुभ्र ठिपके अर्ध्या तासात मोठे होताना दिसले, तर ते गडगडाटी ढग आहेत आणि ते बहुधा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून सरकत येतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सकाळपासून आभाळ गच्च भरून रिपरिप चालू असेल, तर माल भिजतो, पण गारपिटीचा जोर सहसा कमी राहतो, कारण जमीन तापत नाही. सकाळी ढग, दुपारी दोन-तीन तास कडक ऊन आणि हवेत डिसेंबरला न शोभणारा दमटपणा, असा दिवस अधिक धोक्याचा असतो. दुपारी तीन ते रात्री आठ या वेळेत विशेष सावध राहावे. मुंबई आणि नागपूरची रडारे खान्देशापासून लांब आहेत आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे एवढ्या अंतरावर किरण फार उंचावरून जातो, म्हणून रडारचे चित्र कोरे दिसले तरी त्यावर विसंबू नये. त्यापेक्षा हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळ ठेवावे. या अ‍ॅपवर आपल्याभोवती २० आणि ४० कि.मी. परिसरात पडणाऱ्या विजा दिसतात. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी शेजारच्या गुजरातेत अशाच अवकाळी पावसात वीज पडून वीसहून अधिक माणसे गेली, हे लक्षात घेता वेचणीवरील मजुरांना वेळेत घरी आणण्याचे काम मालाच्या आधी करावे. घाटात जाणाऱ्यांनी इशारा असलेल्या दुपारी जाणे टाळावे.

पाऊस गेल्यानंतर

केळीवाल्यांसाठी वादळाचा दुसरा अर्धा भाग येथून सुरू होतो आणि तो पुष्कळदा पहिल्यापेक्षा महाग पडतो. पाऊस थांबल्यावर पहिल्या रात्री जमीन ओली असते, पहाटे धुके असते आणि पारा फारसा उतरत नाही. यामुळे लोक निर्धास्त होतात. आकाश पूर्ण मोकळे झाल्यावर, उत्तरेचे कोरडे वारे स्थिर झाल्यावर, दुसऱ्या ते चौथ्या रात्री नीचांक गाठला जातो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असेल, तर हवामान विभाग थंडीची लाट जाहीर करतो. केळीची वाढ मात्र त्याआधीच मंदावलेली असते, आणि निसवणीच्या वेळी अशी थंडी सलग राहिली तर घड खोडातच अडकतो, पानांवर चरका (थंडीची इजा) दिसू लागतो.

अंदाजातील आकडा हवामान केंद्राचा असतो, बागेचा नसतो. वारा पडलेल्या रात्री थंड हवा नाल्याकडे, खोलगट भागाकडे उतरून साचते आणि तेथे पारा केंद्राहून दोन-तीन अंश खाली जाऊ शकतो. यासाठी किमान तापमापक बागेत सुमारे सव्वा मीटर उंचीवर, वरून आडोसा करून लावावा आणि केंद्राच्या आकड्याशी पडणारा फरक काही शांत, निरभ्र रात्री लिहून घ्यावा. पुढे हवामान विभागाने ९ अंश सांगितले आणि आपला फरक अडीच अंश असेल, तर आपल्या नाल्याकडच्या ओळींसाठी अंदाज साडेसहा अंशांचा आहे असे धरून त्या संध्याकाळीच पाण्याची पाळी त्या ओळींकडे वळवावी.