डायोड किती व्होल्टचा, हे मोजून कसं ठरवायचं

१एन४००१ ते १एन४००७ हे सातही डायोड एक ॲम्पिअरचे, दिसायला सारखेच. पण पहिला ५० व्होल्टचा आणि शेवटचा १००० चा. नंबर पुसला गेला की ‘मल्टिमीटरच्या डायोड मोडवर लावून बघ’ असा सल्ला हमखास मिळतो. त्याने डायोड शाबूत आहे एवढंच कळतं. उलटा व्होल्टेज, म्हणजे डायोड करंट अडवतो त्या दिशेचा, किती झेलतो हे तो दिल्याशिवाय कळत नाही.

करंटवर मर्यादा असलेला ० ते १२०० व्होल्टचा डीसी सप्लाय घ्या. प्लसपासून २२० किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे पाच रेझिस्टर एकापुढे एक, मग डायोडची पट्टीची बाजू, दुसऱ्या टोकापासून मायनसपर्यंत १० किलोओहम. पाचांऐवजी एक मेगाओहमचा एकच रेझिस्टर लावू नका. पाव वॅटचा साधा रेझिस्टर जेमतेम २५० व्होल्टचा असतो. डायोड शॉर्ट निघाला तर सगळा भार त्याच्यावर. सप्लाय चालू असताना जोडणीला हात नाही. बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करूनच हात लावा.

आता मीटर. इथेच बहुतेकांचं मोजमाप बिघडतं. डायोडच्या दोन टोकांना मीटर लावायचा नाही, अजिबात नाही. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे ५०० व्होल्टला तो एकटाच ५० मायक्रोॲम्पिअर ओढतो. आपण शोधतोय डायोडमधून उलटा करंट जेमतेम १० मायक्रोॲम्पिअर होतो तो क्षण! धडधाकट डायोड मग गळका दिसतो. एक मीटर सप्लायवर लावा (तेवढे व्होल्ट झेलणारा), दुसरा १० किलोओहमवर मिलिव्होल्टमध्ये. १०० मिलिव्होल्ट दिसले की १० मायक्रोॲम्पिअर. सप्लायच्या आकड्यातून तेव्हा ११ व्होल्ट (एवढे रेझिस्टरच खातात) वजा केले की डायोडवरचा व्होल्टेज मिळतो.

व्होल्टेज हळूहळू चढवा. चांगल्या डायोडवर मिलिव्होल्ट बराच वेळ तळाशीच रेंगाळतात, आणि मग सप्लाय दहा-बारा व्होल्टने वाढवताच शंभराला पोचतात. तो ब्रेकडाउन, डायोडची झेलण्याची हद्द. आकडा लिहा आणि लगेच खाली या, तिथे रेंगाळू नका. सुरुवातीपासूनच करंट सावकाश चढत असेल तर ती गळती आहे. डायोड नुकताच सोल्डरिंगने तापला असेल तर थंड होऊ द्या, कारण गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. काचेचा असेल तर झाका, उजेडानेही करंट वाढतो. तरीही तसंच दिसलं तर फेकून द्या.

मिळालेला आकडा म्हणजे रेटिंग नव्हे. कंपनी जो आकडा छापते तो त्या प्रकारच्या प्रत्येक नगाने पाळायचा असतो, थंडीतसुद्धा. या डायोडांचा ब्रेकडाउन (ॲव्हलांच प्रकारचा) तापमान घटेल तसा दर अंशाला साधारण ०.१ टक्का उतरतो. २५ अंशांना ६४० व्होल्ट मोजलेला डायोड उणे ४० ला ६०० च्या खाली जाईल, म्हणून मी त्याला खालच्या पायरीचा, ४०० चाच धरतो. आणि अंगावर १एन४००१ लिहिलेला नग ९०० व्होल्ट झेलून गेला तरी तो ५० चाच. पुढच्या लॉटमध्ये तसाच माल येईल असं कुणीही लिहून दिलेलं नाही.

याच पद्धतीने मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) मोजताना गेट सोर्सला जोडा. साधा ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटरमध्ये, बेस मोकळा ठेवून मोजा: बीसी५४६ चे ६५, बीसी५४७ चे ४५ आणि बीसी५४८ चे ३० व्होल्ट हे तसेच दिलेले आहेत. कलेक्टर-बेसवर मोजलंत तर आकडा फुगलेला येईल.